सुमनचा राहिलेला हातचा

सुमन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ऑसिलोस्कोप कसा लावायचा ते दाखवत होते. ऑफिसातले शिपाई चपला बाहेर काढून दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, मिरजेवरनं फोन आलता. सुमनताई गेल्या, सकाळी साडेनवाला." मुलं एकदम उठून उभी राहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी ओढणी तोंडात धरून रडायला लागली. मी ऑसिलोस्कोपचं बटण बंद केलं, पडद्यावरची हिरवी रेघ विझेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. सुटले, असं मला वाटलं. आता कुणी माझी हिच्याशी तुलना करणार नाही... दुःख आलं, पण नंतर, मिरजेला जाताना रिक्षात. पहिल्यांदा आलं ते हे.

याला आता सहा आठवडे झाले. तंत्रनिकेतनात शोकसभा झाली, तिच्यात मीही बोलले. सुमन किती कष्टाळू होती, किती हुशार होती, विद्यार्थ्यांची किती लाडकी होती, असं सगळं बोलले आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मग या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला की तुम्ही तिच्या जवळच्या मैत्रीण, तेव्हा तुम्हीच लिहा. चार कागद लिहून फाडले. सगळ्यांत शोकसभाच उमटत होती. हा पाचवा आहे आणि यात मी जे घडलं ते लिहिणार आहे.

या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले. सुमन तिथे आधीपासून प्रयोगशाळा सहायक होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तरी पहिल्या दिवसापासून ती मला "मॅडम, तुमी" म्हणायची आणि मी तिला "सुमन, तू". असंच असतं असं आम्ही दोघी धरून चाललो. ती कवठे महांकाळची. वडिलांचं रस्त्याकडेला ट्रकच्या वायरिंगचं गॅरेज होतं. लहानपणी ट्रकच्या डॅशबोर्डाखाली मोठ्या माणसाचा हात पोचत नसे, म्हणून वडील हिला आत सरकवायचे. वायर कुठे तुटली आहे ते डोळ्यांनी न बघता बोटांनी शोधायचं, हे ती तिथे शिकली. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात बुद्धाची मूर्ती, आणि मूर्तीच्या पुढ्यात मुलांची प्रगतिपुस्तकं ठेवायची पद्धत. आयटीआयच्या तिच्या तुकडीत ती एकटी मुलगी होती.

मी फलटणची. घरचा ऊस, वडील लष्करात सिग्नलमध्ये सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मी पुण्याला बी. ई. झाले, पहिल्या वर्गात झाले. गणित मला येत होतं, आणि माझा फळ्यावरचा सर्किटचा आराखडा बघण्यासारखा असे. पण नोकरी लागेपर्यंत सोल्डरिंग गनचा चटका काय असतो ते मला माहीत नव्हतं. माझ्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला वीस मुलं समोर, फळ्यावरचं सर्किट अगदी बरोबर, आणि टेबलावरचं काही केल्या चालेना. माझ्या कपाळावर घाम. सुमन मागून आली, पेन्सिलीच्या टोकाने एक वायर जराशी उचलली, आणि दिवा लागला. "मॅडमनी बरोबरच सांगितलंय," ती मुलांना म्हणाली, "वायर आतनं तुटलीया." तिने माझी लाज राखली. मुलांना ते कळलं नाही, मला कळलं. एखाद्याने आपली लाज राखली की त्याच्याविषयी माया वाटायला हवी. मला मात्र त्या दिवसापासून तिची पेन्सील दिसली तरी खुपायला लागली.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत तिचा एक अड्डा भरायचा. प्राचार्यांची परवानगी होती. आमची काही मुलं, गावातले एक घड्याळ दुरुस्त करणारे, वडूजहून दोन बस बदलून येणारे एक शाळामास्तर, अशी आठ-दहा हौशी मंडळी. एटी-फिफ्टीवन नावाची मायक्रोकंट्रोलर चिप घ्यायची, भोकं पाडलेल्या पाटीवर बसवायची, चार वायरी ओढायच्या आणि तिला काहीतरी करायला लावायचं. पाण्याच्या टाकीची पातळी, शाळेची घंटा, असलं काहीही. ही बोर्डं सगळे स्वतःच्या हातांनी बनवत. मी कधीमधी डोकावायचे. मी आले की सगळे उभे राहत, आणि सुमनपाशी परत वाकून बसायला त्यांना कधी एकदा मी जातेय असं होऊन जाई. ते मला दिसायचं.

तीन वर्षांपूर्वी संगणक विभागाने आपली जुनी वायरिंग बदलली. तोवर सगळे संगणक एका जाड काळ्या केबलने एकमेकांना जोडलेले असत. नवीन वायरिंग आल्यावर जुनी इथरनेट कार्डं, म्हणजे संगणकाच्या पोटात बसून त्याला त्या केबलशी जोडणाऱ्या पाट्या, भंगाराच्या खोक्यात गेली. दुसऱ्या दिवशी ते खोकं सुमनच्या टेबलाखाली होतं.

"मॅडम, ह्यातलं एक कार्ड आपल्या बोर्डाला लावलं तर?"

मी हसले. "अगं, ते संगणकासाठी आहे. तुझ्या चिपची केवढीशी स्मरणशक्ती! आलेलं एक पाकीट ठेवायलासुद्धा जागा नाही तिच्यात."

"ठेवायचं कशाला? कार्डाच्या पोटात हाय की जागा. तितंच ठेवायचं, आणि आपल्याला पायजे तेवढं काढून बघायचं. मी काय त्याच्यासंगं गप्पा मारायला सांगती व्हय? संगणकानं इचारलं 'हाय का?' की बोर्डानं म्हणायचं 'हाय'. एवढंच."

मी हसू आवरलं. कारण ती म्हणत होती ते बरोबर होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

कार्डावरच्या मुख्य चिपची माहितीपुस्तिका मी पुण्याच्या एका वर्गमित्राकडून झेरॉक्स करून मागवली. सुमनचं इंग्रजी बेताचं. म्हणून डबे खाऊन झाले की आम्ही दोघी प्रयोगशाळेतच बसायचो. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, ती वहीत चित्रं काढून घ्यायची. ते तीन महिने फार चांगले गेले. मला मैत्रीण असेल तर तेवढे तीन महिनेच होती, असं आता वाटतं... पण वाचता वाचता मलाही हाव सुटली. हे आपण का करू नये? बी. ई. मी झालेय, पुस्तिका मी वाचतेय. खोक्यातलं एक कार्ड मी पर्समधून घरी नेलं. कुणाला न सांगता तीन आठवडे त्याच्याशी झटले. माझ्या बोर्डावर काहीही उमटलं नाही. एक दिवस धूर आला. मी ते सगळं कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं, आणि त्याच आठवड्यात सुमनने मला हाताला धरून टेबलापाशी नेलं. तिच्या बोर्डाच्या दोन ओळींच्या छोट्या पडद्यावर सहा आकडे उमटले होते. प्रत्येक कार्डात कारखान्यातच घातलेला त्याचा स्वतःचा पत्ता असतो, तो.

"मॅडम, त्यानं नाव सांगितलं बगा!"

"छान," मी म्हणाले. आणि पुढचे दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून रजा काढली.

पुढच्या महिन्यात संगणकाने "हाय का?" विचारलं आणि बोर्डाने उत्तर दिलं. याला पिंग म्हणतात. संगणक एक पाकीट पाठवतो, पलीकडच्याने ते थोडं बदलून परत पाठवायचं, झालं. संगणकाच्या पडद्यावर उत्तराच्या ओळी एकाखाली एक पडायला लागल्या आणि त्या शनिवारच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वडूजच्या मास्तरांनी खिशातून पेढे काढले, म्हणजे ते दर शनिवारी पेढे घेऊन येत होते आणि परत नेत होते. अख्ख्या सांगलीत तेव्हा असं काही कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. एका भोकाभोकांच्या पाटीवर, हातांनी ओढलेल्या वायरींवर, भंगारातल्या कार्डावर.

त्या दिवाळीनंतर फलटणच्या एका शाळेत मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मुलांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून मी सुमनला बोर्डासकट घेऊन गेले. दुपारी जेवायला आमच्या घरी. माझ्या वडिलांना, आबांना, या वयातही एकच शौक आहे, त्यांचं रेडिओचं टेबल. लष्करातून आल्यापासून त्या टेबलावर जुने रिसीव्हर, हेडफोन, वायरींची भेंडोळी. घरात कुणीही त्या टेबलाला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. लहानपणी एकदा एक खटका ओढला म्हणून मी मार खाल्लेला आहे. जेवण झाल्यावर सुमनने आबांना बोर्ड दाखवलं. शाळेच्या संगणकावर काय केलं ते सांगितलं, "हाय का, हाय" सकट.

आबा एकदम ताठ बसले. "अगं, ह्येच तर आमी करत हुतो! पलीकडच्या चौकीला रातध्याड इचारायचं, आवाज येतोय का. आला म्हणला, की बास. तेवढंच पायजे असतंय मान्साला." मग उठून त्यांनी आपली खुर्ची टेबलापाशी ओढली, सुमनला तीत बसवलं आणि रिसीव्हरचं मागचं झाकण उघडून दिलं. "बग गं पोरी, ह्यात घरघर येती. कुनाला गावंना." ती बघायला लागली. आबा शेजारी स्टुलावर बसून तिला पकड देत होते, बॅटरी धरत होते. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. एका तासाने घरघर थांबली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "शाबास!" आणि माझ्याकडे वळून, हसत हसत, अगदी सहज म्हणाले, "नंदे, तू शिकलीस. ही करती."

त्यांना त्यात काही लागट म्हणायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी बसून आबांविषयी बोलत होती, "तुमचे आबा लय भारी मानूस हायत मॅडम," आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

याच्या पुढच्याच सोमवारची गोष्ट. तिच्या बोर्डात एक खोड निघाली होती. बराच वेळ उत्तरं नीट यायची, मग मधेच काही वेळ ते गप्प बसायचं, आणि परत आपलं आपण बोलायला लागायचं. ते का, हे तिला सापडत नव्हतं. तिने प्रोग्रॅम छापून आणला, सात-आठ पानं, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर. "मॅडम, ह्यात काय चुकलंय बगा की. तुमी शिकलेल्या."

शिकलेल्या... आबांचाच शब्द. तो मला किती लागला होता हे तिला ठाऊकही नव्हतं.

चूक मला तिसऱ्या पानावर दिसली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वाचकांना थोडक्यात सांगते. अशा प्रत्येक पाकिटासोबत आतल्या आकड्यांचा ताळा जातो. पलीकडे तो ताळा जुळला नाही तर संगणक पाकीट मुकाट्याने फेकून देतो, तक्रारही करत नाही. प्रश्नाचं उत्तर करताना पाकिटात एका जागी आठ असतो तिथे शून्य घालायचा, आणि त्याची भरपाई म्हणून ताळ्यात आठ मिळवायचे. हे सुमनने बरोबर केलं होतं. पण आठ मिळवल्यावर बेरीज त्या घरात मावली नाही, हातचा आला, तर तो हातचा टाकून द्यायचा नसतो, शेवटच्या घरात परत मिळवायचा असतो. सुमनने तो सोडून दिला होता. प्रत्येक प्रश्नाला नवा क्रमांक असल्यामुळे ताळा दर वेळी थोडा बदलत जायचा, आणि हातचा येणारे ताळे आले की तिचं बोर्ड मुकं व्हायचं. एका ओळीची दुरुस्ती होती.

मी कागदाची घडी घातली. "प्रोग्रॅम बरोबर दिसतोय," मी म्हणाले, "कुठेतरी लूज कनेक्शन असेल."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण ते बोलल्यावर परत घ्यायला माझ्याकडे तीन आठवडे होते, आणि ते मी घेतलं नाही. त्या तीन आठवड्यांत सुमनने बोर्डावरचा एक न् एक जोड काढून पुन्हा सोल्डर केला. तरी खोड जाईना. मग पाटीच नवी घेतली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा बांधलं. मी शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत असायचे. सोल्डरच्या राळेचा धूर माझ्याकडे यायचा आणि ती हाताने तो वारून म्हणायची, "तरास हुतोय का मॅडम?"

तीन आठवडे म्हणते, कारण त्यानंतर समिती आली. निदेशकाची एक जागा निघाली होती. सहायकांपैकी कुणाला बढती द्यायची ते बघायला तिघंजण आले होते आणि प्राचार्यांनी मोठ्या कौतुकाने त्यांना सुमनच्या टेबलापाशी आणलं. निदेशक होणं म्हणजे तिला मुलांना शिकवायचा अधिकार मिळणं. ती ते वर्षानुवर्षं करतच होती, पण वेळापत्रकात तिचं नाव आलं असतं. पिंग सुरू केलं. उत्तरं धडाधड यायला लागली. अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या चालू, बघू," आणि चहा आला. कप अर्धे झाले असतील, एवढ्यात पडद्यावर ओळ आली, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. मग दुसरी तीच. मग तिसरी. सुमन बोर्डाकडे बघत होती, आणि मी सुमनकडे.

"हे असं अधूनमधून थांबतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय सर," ती म्हणाली. "थांबतंय. कारण अजून गावलं न्हाई." दुसरी कुणी असती तर आजच झालं असं म्हणाली असती.

उत्तरं परत यायला लागली होती, पण ते आता तिकडे बघत नव्हते. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही याच विभागातल्या. तुमचं काय मत?"

सांगून टाकायला याहून चांगली वेळ आली नसती. एक ओळ राहिलीय, दहा मिनिटांत नीट होईल, असं म्हणायचं होतं फक्त. मी म्हणाले, "छंद म्हणून चांगलं आहे, सर."

जागा दुसऱ्या गावाहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. ते बरे होते, सुमनलाच विचारून विचारून शिकवायचे. सुमन शेवटपर्यंत सहायकच राहिली.

त्यानंतर दीडेक महिन्याने, एका सोमवारी सकाळी सातलाच आमची बेल वाजली. दारात सुमन, कवठे महांकाळच्या पहिल्या बसने थेट आमच्याकडे आलेली, पदर खोचलेला, हातात वही. आत यायच्या आधीच तिने वही उघडली. तिने पिंग सलग चालू ठेवून प्रत्येक उत्तरासाठी एकेक रेघ ओढली होती, पाच-पाचच्या जुड्या करून, पानंच्या पानं. "दोनशे अठ्ठेचाळीस येत्यात, आणि आठ जात्यात. परत दोनशे अठ्ठेचाळीस, परत आठ. लूज कनेक्शन असं मोजून मापून कवा बंद पडतंय व्हय? मग बशीत बसल्यावर डोक्यात आलं, आठच का? आठ तर मीच मिळवती की! हातचा, मॅडम! हातचा टाकला हुता मी!" ती इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमाला पैलं सांगायचं हुतं. तुमालाबी चकवलं बगा त्यानं."

मी तिला चहा दिला. मला त्या वेळी शरम वाटायला हवी होती. वाटला तो राग. माझ्याकडे तिच्या गरजेची एकच गोष्ट होती, जपून ठेवलेली, आणि तीही तिने बसमध्ये बसून मिळवली. मी म्हणाले, "पण ती जागा गेली ना गं."

"गेली तर गेली. बोर्ड तर बोलाय लागलं."

मग तिचं नाव व्हायला लागलं. कवठे महांकाळला तिचा धाकटा भाऊ मिलिंद एका बेदाण्याच्या शीतगृहात मशिनवर आहे. तिथे दर तासाला कुणीतरी स्वेटर घालून पाचही खोल्यांत जायचं आणि थर्मामीटर बघून वहीत लिहायचं. सुमनने प्रत्येक खोलीत एक बोर्ड बसवलं, सगळी त्या काळ्या केबलवर ओवली, आणि ऑफिसातल्या संगणकावर पाचही खोल्यांचं तापमान दिसायला लागलं. तासगावहून, जतहून लोक बघायला यायचे. तंत्रनिकेतनाच्या फाटकात येऊन "सुमनताई कुठं भेटतील?" असं विचारायचे, आणि पुष्कळदा ते मलाच विचारायचे. आबा पत्रात शेवटी नेमाने एक ओळ लिहीत, "सुमन काय नवीन करते आहे ते कळवणे." मी कधी कळवलं नाही.

गेल्या वर्षी तिचा मूत्रपिंडाचा विकार बळावला. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस, उरलेले दिवस ती कामावर यायची. हातावर सूज, तरी सोल्डरिंग करताना हात हलायचा नाही. मी तिला डबा आणून द्यायचे, मिरजेला सोबतीला जायचे. लोक म्हणायचे, मॅडम बहिणीसारखं करतात. करत होतेही. पण ते करताना मनाच्या एका कोपऱ्यात वाटायचं, आता तरी मी तिच्यापेक्षा कशात तरी बरी आहे, निदान धडधाकट आहे... हे लिहायला फार जड जातंय.

शेवटची भेट तिथल्याच दवाखान्यातली. दुपारची वेळ, मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता. मी स्टुलावर बसले आणि बोलून टाकलं. "सुमन, तो हातचा मला दिसला होता. समितीच्या आधीच."

तिने मान वळवली. "कवा?"

"तू कागद दिलास ना, त्याच दिवशी."

ती वर पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोनदा जोडलं मी ते बोर्ड. सगळंच्या सगळं." तिचा आवाज चढला नव्हता. उलट काहीतरी मोजत असल्यासारखा होता. "दोनदा..."

मी हात पुढे केला. तिने आपला हात चादरीखाली घेतला. "जावा मॅडम आता. मला न्यायची येळ झाली."

त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी ती गेल्याचा फोन आला. अंत्यविधीला कवठे महांकाळला बुद्धवंदना झाली. मी मागे उभी होते, बायकांनी मला पुढे ओढलं, सुमनच्या मॅडम म्हणून. फलटणला जाऊन आबांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "तुझी मैतरीण हुती न्हवं गं?" मी हो म्हणाले.

गेल्या आठवड्यात मिलिंदचा फोन आला. विजेच्या झटक्याने तीन नंबरच्या खोलीतलं बोर्ड बंद पडलंय, येता का. मी गेले. वाटभर माझ्या डोक्यात एकच, तिने त्याला सांगितलं असेल का. तो नेहमीसारखाच होता. त्याने स्वेटर दिला, खोलीतली डबी भिंतीवरून उतरवून बाहेर उजेडात आणून ठेवली, चहा मागवला. मी झाकण उघडलं. आत सुमनचं काम. प्रत्येक वायरीला कागदाची बारीक चिठ्ठी, तिच्या अक्षरात, येणारी, जाणारी. जोड सगळे एकाच मापाचे, चकचकीत, ज्वारीच्या दाण्यांसारखे. मला वाटलं होतं आता रडू येईल. पण पहिल्यांदा आला तो हेवाच, पूर्वीचा, जसाच्या तसा.

जळालेला भाग सापडायला वेळ लागला नाही. मी गन तापवत असताना मिलिंद समोर उकिडवा बसला. "ताईनं सांगितलं हुतं," तो म्हणाला, "बोर्डाला काय झालं तर मॅडमना बोलव. त्यांना चूक लगीच दिसती."

"कधी म्हणाली?"

"मिरजेत. तुमी भेटून गेल्यावर, त्याच दिवशी सांजच्याला."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात काही नव्हतं, बहिणीचा निरोप पोचवल्याचं समाधान होतं फक्त. तिने तो कसल्या आवाजात सांगितला, हसून, चिडून, की हिशेब मिटवून, ते विचारायचा धीर मला झाला नाही, आणि तो मला कधी होईल असं वाटत नाही.

माझा पहिला जोड गोळा झाला. तो काढून मी परत लावला, मग परत. दुपारी तीनला ऑफिसातल्या पडद्यावर तीन नंबरचं तापमान दिसायला लागलं आणि मिलिंदने ते वहीत मांडलं. झाकण लावण्याआधी मी डबी पुन्हा एकदा उजेडात धरली. तिच्या त्या दाण्यांमध्ये माझे सात जोड आहेत, ओबडधोबड, मळकट. झाकण उघडेल त्या कुणालाही ते वेगळे ओळखू येतील.